इंदूबाईंनी एक दिवस बंद ठेवलेली लाइन

परवा पालिकेच्या सभागृहात इंदूबाई रामटेके यांची शोकसभा झाली. मी गेलो आणि मधूनच उठून आलो. उठताना खुर्ची मुद्दाम आपटली. दोन-चार जणांनी वळून पाहिलं, पाहू दे. समोर हार घातलेला बाईंचा फोटो आणि माइकवर कोण, तर ज्यानं हात वर करून त्यांची लाइन परक्याच्या घशात घातली तोच नगरसेवक. म्हणतो कसा, "बाईंनी गावाच्या डिजिटल विकासात मोलाचा वाटा उचलला." अरे, जनाची नाही तर मनाची तरी! बाई जिवंत असत्या तर त्याच माइकची वायर उपटून त्याच्या हातात दिली असती.

मी काही लेखक-बिखक नाही. पालिकेसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. दुकानाच्या समोरच, रस्त्यापलीकडे, जुन्या जकात नाक्याची बसकी इमारत. तिथं बाई बसायच्या. त्यामुळे त्यांचं अर्धं आयुष्य मी काउंटरवर कोपर टेकून पाहिलेलं आहे. सभेत जे कोणी बोललं नाही ते लिहून काढावं म्हणून बसलो. डोकं शांत झाल्यावर लिही, असं बायको म्हणाली. ते शांत होण्याची वाट पाहिली तर लिहिणंच होणार नाही.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या अतिक्रमणाची नोटीस येईल, आणि माझ्या दुकानाची पायरी रस्त्यावर आलेली आहे हे मलाही ठाऊक आहे. मूल शहरावरून पुढे आलं की धानाच्या बांध्या सरत जातात आणि जंगल सुरू होतं, तिथंच कुठंतरी समजा. तालुक्याचं गाव. एकेकाळी फोनच्या कंपन्या आमच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या. गिऱ्हाईक नाही म्हणायच्या. तेव्हाचे नगराध्यक्ष चिडले. पाणी आपण देतो, दिवे आपण लावतो, मग फोन आणि इंटरनेट काऊन नाही, म्हणाले. सरकारी योजनेत बसवून पालिकेनं स्वतःची तार टाकली. पुढे शेजारच्या ग्रामपंचायतींनी ठराव केले आणि तीच तार जंगलाकडच्या टोल्यांपर्यंत, म्हणजे वाड्या-पाड्यांपर्यंत, गेली. खांब होते तिथं खांबांवरून, नव्हते तिथं झाडांवरून. सगळे तिला 'पालिकेची लाइन' म्हणायचे.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं भांडण एवढ्याचंच आहे. त्या टोल्यांमध्ये आजही कोणत्याच कंपनीचा टॉवर नाही. तेव्हा रेशनच्या मशीनवर अंगठा लावायचा तर ती लाइन. उपकेंद्रातल्या नर्सबाईला अडलेल्या बाळंतिणीबद्दल डॉक्टरला विचारायचं तर ती लाइन. गावातली तार गेली तर गावाला दुसरी कोणीतरी देईल. टोल्यांची गेली की गेली. इंदूबाईंना हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. बाकीच्यांनाही कळत होतंच, त्यांचं त्यात काही अडत नव्हतं इतकंच.

बाई मुळात पालिकेत जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर कारकून होत्या. एका साहेबाशी वाजलं म्हणून शिक्षा म्हणून त्यांना लाइनच्या ऑफिसात टाकलं. तिथं जायला कोणी तयार नसायचं. वरकमाई शून्य आणि शिव्या पोटभर. साहेबाला वाटलं, महिनाभरात रडत येईल. बाई गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

उंच बाई, रुंद खांदे, आवाज असा की रस्त्यापलीकडून माझं गिऱ्हाईक दचकायचं. साडीखाली लाइनमनचे काळे बूट. डोक्यावर स्कूटीचं हेल्मेट, आणि ते काढायचं भान नाही. हेल्मेट घालूनच खुर्चीत बसायच्या, हेल्मेट घालूनच बशीतून चहा प्यायच्या. फोन उचलला की हॅलो नाही, नमस्कार नाही. थेट, "बोला, काय बंद हाय?" घरच्या फोनवरही तेच. माजरीहून, म्हणजे माहेराहून आलेला त्यांचा भाऊ एकदा माझ्या दुकानात बसून हसत सांगत होता, "म्या फोन केला तं म्हणते, काय बंद हाय? म्हटलं, अवो ताई, मी बोलून राह्यलो, काईच बंद नाई. तं म्हणते, मंग फोन काऊन केला?"

'सर' हा शब्द त्यांच्या तोंडात कधी आला नाही. शिपाई भाऊ, अध्यक्ष भाऊ, जिल्ह्याहून आलेले मोठे साहेब तेही भाऊ. एकदा असे मोठे साहेब अचानक पाहणीला आले. पालिकेचे सगळे अधिकारी दारात अंग चोरून उभे. बाईंनी आतूनच हाक मारली, "भाऊ, ते खुर्ची नका घेऊ, तुटकी हाय. इथी बसा. चहा घेता का?" साहेब बसले, चहा प्याले आणि गाडीत बसताना म्हणाले, या ऑफिसात माणसासारखं वाटलं. त्याचा राग आमच्या अधिकाऱ्यांनी वर्षभर धरला.

खर्रा खाऊन थुंकणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. आमच्याकडे हा तंबाखू-सुपारीचा खर्रा पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या गालात. तारा जोडण्याचे लोखंडी डबे चौकाचौकात, आणि प्रत्येक डबा लाल. थुंकी फटीतून आत जायची, आतल्या जोडण्या सडायच्या. बाईंनी डब्यांवर पाट्या लावल्या नाहीत, देवाचे फोटो तर नाहीच नाही. बादली ठेवली. एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत सभापतीच्या पुतण्यानं गाडीवर बसल्याबसल्या पिचकारी मारली. बाई ऑफिसातून बादली आणि खराटा घेऊन निघाल्या, गाडीची किल्ली काढून घेतली आणि बादली त्याच्यासमोर ठेवली.

"धू."

"बाई, मले ओळखलं नाई का तुमी?"

"ओळखलं म्हणून तं बादली भरून आणली. दुसऱ्याले रिकामी देतो, नळावरून भराले लावतो."

चौकात ही गर्दी! पुतण्यानं माझ्या दुकानातून काकाला फोन लावला. तो लागला पालिकेच्याच लाइनवरून, कारण दुसरं होतं काय? काका पलीकडून काय म्हणाले माहीत नाही, पण पोरानं डबा धुतला. किल्ली परत देताना बाई म्हणाल्या, "छान धुतला. उद्याबी येजो, अजून डबे हायेत." चौक हसून हसून लोळला. त्या काकांनी मात्र हे डोक्यात ठेवलं. नंतर लाइन परक्याला देण्याच्या ठरावावर पहिली सही त्यांची होती.

पण बाई म्हणजे नुसती दांडगाई नव्हे. मोहाच्या झाडांची गोष्ट सांगतो, मग कळेल. टोल्यांकडची तार बरीचशी मोहाच्या झाडांवरून गेलेली. मोहफुलं गळायला लागली की लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे जमीन साफ होते आणि फुलं वेचायला सोपी जातात. चाल पिढ्यान्‌पिढ्यांची. आग बुंध्यावरून वर चढायची आणि तार वितळायची. दर उन्हाळ्यात टोले बंद. पालिकेच्या इंजिनिअरनं उपाय सुचवला: वनखात्याला कळवा, दोघा-तिघांवर गुन्हे दाखल करा, बाकीचे सुधारतील.

बाई त्याच्यावर अशा उसळल्या की विचारू नका. "मोहाच्या फुलासाठी माणूस जेलात टाकतं का गा? झाड त्याहिचं, फुल त्याहिचं. तार आपुन नेऊन बांधली. पाहुणे आपुन, अन् घरवाल्याले पोलीस दाखवाचे?"

दुसऱ्या दिवशी त्या टोल्यावर गेल्या. त्यांच्याबरोबर तार जोडायला गेलेला लाइनमन रमेश मला सांगत होता. बायकांच्या घोळक्यात सोमीबाई नावाची एक म्हातारी गोंड बाई होती. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "तुमची तार आमच्या मोहाले गुंडाळली. आमाले विचारलं होतं का?"

"नाई विचारलं," बाई म्हणाल्या. "चुकलं आमचं."

रमेश म्हणायचा, पालिकेतल्या माणसानं 'चुकलं' म्हटलेलं त्या बायकांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. मग दुपारभर बोलणं झालं. ठरलं असं, की ज्या झाडांवरून तार गेली आहे त्यांच्याखाली आग लावायची नाही, झाडून घ्यायचं. खराटे पालिकेनं द्यायचे. पालिकेनं अर्थातच दिले नाहीत, बाईंनी बाजारातून स्वतः घेतले आणि स्कूटीला बांधून नेले. दर वर्षी फुलं गळायला लागली की पहिल्या दिवशी त्या तिथं जायच्या, पदर खोचायच्या आणि पहिलं झाड स्वतः झाडायच्या. झाडलेल्या जागेवरची फुलं राखेशिवाय हाती येतात हे लक्षात आल्यावर तार नसलेल्या झाडांखालीही काही जणी खराटा फिरवायला लागल्या. त्यानंतर आगीनं टोले कधी बंद पडले नाहीत.

मग कंपन्यांना अचानक आमच्या गावात गिऱ्हाईक दिसायला लागलं. का नाही दिसणार! लोकांना सवय पालिकेनं लावली, खांब पालिकेनं रोवले, आता तयार ताटावर बसायचं. नवीन मुख्याधिकारी आले, तरुण, इस्त्रीचे, बोलणं गोड. लाइन तोट्यात आहे असा घोष सुरू झाला. तोटा कसा होतो ते मी माझ्या दुकानातून पाहिलं. तार जोडायचं मशीन दुरुस्तीला म्हणून नागपूरला गेलं ते आलंच नाही. बॅटऱ्या मागितल्या की पुढच्या सभेत बघू. लाइनमन निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी. एखाद्या माणसाचं जेवण तोडायचं आणि मग म्हणायचं, हा फार अशक्त आहे, याचा काही उपयोग नाही, तसला प्रकार. नगरसेवकांच्या घरच्या जोडण्या मात्र फुकट आणि त्या बंद पडल्या की आभाळ कोसळायचं.

कंपनीचा माणूस बाईंना भेटायला आला तेव्हा मी तिथं चहा प्यायला गेलेलो होतो. टाय लावून आलेला, उन्हानं घामाघूम. "मॅडम, तुमच्यासारखा अनुभव आम्हाला हवा आहे. निवृत्तीनंतर आमच्याकडे या. सुपरवायझर."

बाईंनी बशी खाली ठेवली. "टोल्याहिची लाइन ठेवसान का?"

तो हसला. "तिकडे परवडत नाही, मॅडम."

"मंग मी तुमाले कशी परवडन? चहा घ्या, गार होऊन राह्यला."

बाईंनी अर्ज केले, निवेदनं दिली, चंद्रपूरच्या फेऱ्या मारल्या. सगळीकडे उत्तर एकच, बघतो. तेव्हा त्यांच्यातली माजरी जागी झाली. बाई माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलेल्या. वडील खाणीत आणि युनियनमध्ये. लहानपणी पाहिलेलं त्या रंगून सांगायच्या: संप झाला की कॉलनीवरची काळी धूळ खाली बसायची, घराघरांतून भाकरी-ठेचा गेटवर जायचा आणि दुपारपर्यंत साहेबाची जीप येऊन उभी. "बाबा म्हणे, अर्ज केला तं साहेब खालच्या कप्प्यात टाकते. कोळसा थांबवला का तोच साहेब चप्पल न घालता पळत येते."

नाक्यावर बैठक झाली. लाइनमन, एक-दोन शिक्षक, आम्ही काही दुकानदार. बाईंनी सांगितलं, एक दिवस गावाची लाइन बंद ठेवायची. आठवडी बाजाराचा दिवस. गावाला कळू द्या काय आहे ते, लोकच जातील पालिकेवर. दवाखाना चालू राहील. "अन् टोल्याहिची लाइन एक मिनिट बंद नाई कराची. त्याहिचं रेशन हाय, मी त्याहिच्या पोटावर आंदोलन नाई करत."

रमेशनं भीतभीत विचारलं, "बाई, लोक आपल्यावरच उलटले तं?"

"काऊन उलटतीन? त्याहिचीच तं लाइन हाय."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हालाही पटलं होतं. कोणाला नाही पटणार? या भागात सगळं असंच मिळालेलं आहे. रस्ता हवा, रास्ता रोको. बस हवी, बस अडवा. थांबवल्याशिवाय आमच्याकडे कोणी विचारत नाही.

आणि मग बाईंनी जे केलं त्यानं आजही माझं डोकं तापतं, त्यांच्यावर नाही, ज्यांनी त्याचा फायदा घेतला त्यांच्यावर. खाणीतली रीत अशी, की संपाची नोटीस आधी द्यायची. न सांगता काम थांबवणं म्हणजे दगा, असं त्यांच्या वडिलांचं शिकवणं. बाईंनी रीत पाळली. स्वतः जाऊन मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, अमुक दिवशी लाइन बंद राहील. साहेब काय म्हणाले? "ठीक आहे, बाई." एवढंच. समजावलं नाही, धमकावलं नाही. बाई परत येऊन मला म्हणाल्या, "घाबरला वाटते. आवाज निघत नवता त्याचा."

घाबरला! अरे, तो माणूस मनात पेढे वाटत होता.

बाजाराच्या दिवशी सकाळी लाइन बंद झाली. आणि बाजाराच्या तोंडाशी, भाजीवाल्यांच्या रांगेला लागून, कंपनीचा मोठा तंबू उभा. लाउडस्पीकर, टोप्या, फुगे. तंबू ठोकायची परवानगी पालिकेनं दोन दिवस आधीच दिलेली. आजच्या आज इंटरनेट, घरी येऊन जोडून देऊ, पहिले काही महिने फुकट. गाव लाइन बंद म्हणून चिडलेलंच होतं. ते पालिकेवर गेलं नाही, तंबूत गेलं. रांग लागली, रांग! माझ्या समोरून माणसं जात होती, आणि नाक्यासमोर थांबून बाईंना दोन शब्द ऐकवून जात होती. "पगार आमच्या पैशाचा खाता अन् आमचंच नेट बंद करता?" बाई ओट्यावर उभ्या राहून एकेकाला समजावत होत्या. थांबून ऐकायला कोणाला वेळ होता? फुकटचं संपलं असतं ना!

संध्याकाळी बाईंनी लाइन चालू केली आणि फोनजवळ बसल्या. मी समोरूनच पाहत होतो. एरवी लाइन आली की घंटीवर घंटी असायची, आली का, आमच्याकडे नाही आली, शेजाऱ्याकडे आली. त्या दिवशी एकही फोन वाजला नाही. शिवी द्यायलासुद्धा कोणी फोन केला नाही. बऱ्याच वेळानं बाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच आमच्या दुकानाचा नंबर फिरवला. मी उचलला. "चालू हाय नं?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो बाई, चालू आहे. "बरं," म्हणाल्या आणि ठेवला.

पालिकेची पुढची सभा फार वेळ चाललीच नाही. मुख्याधिकाऱ्यांनी गोड आवाजात वाचून दाखवलं: कर्मचाऱ्यांनीच सेवा खंडित केली, नागरिकांनी सेवेकडे पाठ फिरवली, सबब गावातलं जाळं कंपनीला चालवायला द्यावं, आणि जंगलाकडचा भाग अव्यवहार्य असल्यानं बंद करावा. लोकांसाठी ठेवलेल्या बाकांवरून बाई उठल्या.

"टोल्याहिची लाइन एक मिनिट बंद नवती! बंद केली ते गावाची. मंग गावाची ठेवून टोल्याहिची काऊन कापून राह्यले? सांगा नं! त्याहिनं काय केलं तुमचं?"

"बाई, सभागृहाची शिस्त पाळा."

"शिस्त गेली चुलीत. त्या टोल्यावर कोणाचा टॉवर हाय दाखवा मले."

मुख्याधिकाऱ्यांनी ठराव मताला टाकला. हात वर झाले. ज्यांच्या घरी बाईंनी भरपावसात स्वतः जाऊन जोडण्या नीट केल्या होत्या त्यांचेही हात होते. पुतण्याचे काका तर दोन्ही हात वर करतील की काय असं वाटलं. बाईंना त्याच आठवड्यात निलंबित केलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, तेही असे गेले.

त्यानंतर बाई कधीमधी माझ्या दुकानात येऊन बसायच्या. समोर नाक्यावर कंपनीची रंगीत पाटी लागत होती, तिच्याकडे पाठ करून बसायच्या. एकदा चहा पिता पिता म्हणाल्या, "सुधाकर, माह्या बाबाच्या साहेबाले कोळसा पाह्यजे होता. म्हणून तो पळत ये. आमच्या साहेबाले लाइन बंदच पाह्यजे होती रे. म्या आपल्या हातानं बंद करून देली." मी म्हटलं, बाई, तुम्ही नसती केली तरी त्यांनी दुसरं काही काढलं असतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि निघाल्या. समजूत घातलेली त्यांना खपत नसे.

आज माझ्या दुकानात त्याच कंपनीचं नेट आहे. दुसरं आहे कुठं? फुकटचे महिने संपले आणि भाव वाढले, ते सगळीकडेच होतं. बंद पडलं तर फोनवर आकडे दाबायचे आणि गाणं ऐकायचं. तंबूत पुढे उभे होते तेच लोक आता माझ्याकडे येऊन बोंबलतात, "आधी बरं होतं गा, बाईले सांगितलं का माणूस येत जाय." मी त्यांना म्हणतो, आता बोंबलता, तेव्हा कुठी होते? तोंड पाडून जातात. जाऊ दे, जाऊ देत! मला त्यांची कीव येत नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या उन्हाळ्यात. एका लग्नाला टोल्यांकडे मोटरसायकलनं चाललो होतो. वाटेत रस्ता एका टेकडीला वळसा घालून जातो. टेकडीवर माणसं दिसली. भर दुपारी, उन्हात. मला वाटलं, काही अपघात झाला. गाडी लावून वर चढलो. वर दगडावर रेशन दुकानदार बसलेला, डोक्यावर छत्री, मांडीवर मशीन. गावातल्या टॉवरचा थोडासा सिग्नल त्या टेकडीच्या माथ्यावर येतो, खाली कुठंच येत नाही. म्हणून अंगठा वर येऊन लावायचा आणि धान्य खाली जाऊन घ्यायचं. म्हातारे, आंधळे, लंगडे, सगळ्यांनी चढायचं. धान्य दुसऱ्याच्या हाती पाठवता येतं, अंगठा कसा पाठवणार?

त्या माणसांत इंदूबाई होत्या. एका म्हाताऱ्याला काखेत धरून चढवत होत्या. स्वतःला धाप लागलेली. मला पाहून त्यांना ना आश्चर्य, ना आनंद.

"बाई, तुमी इथी?"

"रेशनच्या दिवशी येतो. चढवाले माणूस नाई पुरत."

माझं टाळकं सरकलं. खिशातून मोबाइल काढला. म्हटलं, फोटो काढतो, पेपरात देतो, कळू दे जगाला. बाई म्हणाल्या, "मोबाइल खिशात ठेव. माहा फोटो छापतीन अन् म्हणतीन, बाई सेवा करून राह्यली. हे सेवा नाई." मी मोबाइल आत ठेवला.

म्हाताऱ्याचा नंबर आला. मशीननं अंगठा घेतला नाही. बाईंनी त्याचा अंगठा स्वतःच्या पदरानं पुसला, पाण्याचा हात लावला, पुन्हा टेकवला. नाही. दुकानदार मशीन हवेत धरून इकडेतिकडे फिरला, पुन्हा बसला. पुन्हा अंगठा. शेवटी मशीन वाजलं. आजूबाजूच्या बायकांनी 'झालं, झालं' केलं. म्हाताऱ्याला दिसत नसावं, तो बाईंच्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "पालिकेची बाई नं तू? आवाजावरून ओळखलं. आमची लाइन कवा चालू होते वो?"

याचं उत्तर ज्यांनी द्यायला हवं होतं ते त्या वेळी गावात पंख्याखाली जेवत होते. बाईंनी त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि उताराला लागल्या. खाली सावलीत अजून माणसं बसली होती, वर चढायची राहिलेली.